हिंगणघाटात विसावलेला मोजणीदार

नागपूरहून हैदराबादकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत हिंगणघाट लागते. वणा नदीच्या काठचे हे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. कापसाच्या गाड्या, जिनिंगचे कारखाने, गिरण्या ही या गावाची ओळख. पण जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात हिंगणघाटची आणखी एक नोंद आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जानेवारी १८२३ मध्ये, हैदराबादहून नागपूरकडे जात असताना, सत्तरीच्या घरातील एक इंग्रज लष्करी अधिकारी येथे मुक्कामी मरण पावला. त्याची कबर याच मातीत आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन.

एव्हरेस्ट शिखराचे नाव शाळकरी पोरही सांगते. ते नाव ज्याच्यावरून पडले, तो जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनचा मदतनीस आणि वारसदार होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसते. हिंदुस्थानची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली ती लॅम्बटनने. या अफाट देशात नेमक्या जागी खुणेचे दगड बसवून, एका दगडापासून दुसरा दगड किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे हे इंचाइंचाच्या हिशेबाने सांगण्याचा ध्यास त्यानेच घेतला.

शेतकऱ्याच्या घरातून

लॅम्बटनचा जन्म १७५३ च्या सुमारास, इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॲलर्टन या गावाजवळचा. घरची परिस्थिती बेताची. मुलगा गणितात हुशार म्हणून कुणाकुणाच्या मदतीने शिकला आणि १७८१ मध्ये पायदळात सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून भरती झाला. तेव्हा अमेरिकेतील वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले होते. यॉर्कटाउन येथे इंग्रज फौज शरण गेली, त्या वेळी कैद झालेल्यांत लॅम्बटनही होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. युद्ध संपले आणि तो कॅनडातील न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींचा व्यवस्थापक झाला. इंग्रजांच्या बाजूचे जे लोक अमेरिका सोडून तेथे आले होते, त्यांना वाटायच्या जमिनींची मोजणी करण्याचे कामही त्याने केले. सुमारे तेरा वर्षे तो तेथेच राहिला. बढती नाही, पैसा नाही, मोठ्या लोकांत ऊठबस नाही. हाताशी होते ते गणिताचे ग्रंथ आणि रात्रीचे आकाश. याच काळात सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, असे सांगतात. पुढची सारी निरीक्षणे त्याने उरलेल्या डोळ्याने केली.

१७९६ मध्ये त्याची पलटण हिंदुस्थानकडे निघाली आणि नशीब पालटले. चाळिशी उलटून गेलेला हा लेफ्टनंट पलटणीत परत दाखल झाला. पलटणीचा प्रमुख होता कर्नल आर्थर वेलस्ली. पुढे १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आणि नंतर वॉटर्लूला नेपोलियनला नमवणारा तो हाच वेलस्ली.

सप्तर्षींची साक्ष

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धची शेवटची मोहीम सुरू झाली. लॅम्बटन जनरल बेअर्डच्या हाताखाली होता. श्रीरंगपट्टणजवळ एका रात्री बेअर्डची तुकडी एक राई साफ करून आपल्या छावणीकडे परतत होती. काळोखात चालता चालता लॅम्बटनने वर पाहिले आणि तो चमकला. छावणी उत्तरेला होती आणि ताऱ्यांच्या हिशेबाने तुकडी चालली होती दक्षिणेला, म्हणजे थेट टिपूच्या फौजेच्या तोंडी. त्याने जनरलला तसे सांगितले. आपल्याला वाट कळते, त्यासाठी ताऱ्यांना विचारायची गरज नाही, असे म्हणून जनरलने त्याला झिडकारले. थोड्याच वेळात तुकडी शत्रूच्या चौकीवर जाऊन धडकली. मग दिवा आणून होकायंत्र पाहण्यात आले, तर तारेच खरे ठरले.

टिपू पडला आणि म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनी सरकारच्या वर्चस्वाखाली आला. जिंकलेल्या मुलखाचा धड नकाशा मात्र नव्हता. तेव्हाचे नकाशे हे प्रवाशांच्या टिपणांवरून आणि चालीच्या अंतरांवरून जुळवलेले असत. लॅम्बटनने सरकारपुढे योजना मांडली, ती मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकण्याची. तिच्यावरून देशाचा नकाशा तर होईलच, शिवाय पृथ्वी नेमकी किती गोल आणि ध्रुवांकडे किती चपटी आहे, हेही उमगेल. वेलस्लीने पाठिंबा दिला आणि १८०० मध्ये मंजुरी मिळाली.

सरकारी खजिन्याच्या राखणदारांना हा खर्च मुळीच पटत नव्हता. मद्रासच्या एका अधिकाऱ्याने तर असा युक्तिवाद केला म्हणतात की, श्रीरंगपट्टणला जायचे असेल त्याने आपल्या पालखीच्या भोयांना तेवढे सांगावे. लॅम्बटनसाहेबांच्या नकाशावाचूनही ते बरोबर पोहोचवतील. हिशेबनिसाला विज्ञानाचे मोल पटवणे ही अडचण आजचीच आहे असे नाही!

साडेसात मैलांचा पाया

ही मोजणी चालते कशी, हे समजायला शाळेतील भूमिती पुरते. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभारायचे. पहिली बाजू एकदा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली, की पुढे डोंगरावरून डोंगरावर नजर टाकत केवळ कोन मोजत जायचे. म्हणजे सारा डोलारा त्या पहिल्या रेषेवर. ती चुकली, की सगळेच चुकले.

ही पायाची रेषा लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात घेतली. १० एप्रिल १८०२ रोजी मोजणीला आरंभ झाला. लांबी सुमारे साडेसात मैल. आपल्याकडे शेत मोजायची शंकू साखळी असते ३३ फुटांची. लॅम्बटनची पोलादी साखळी १०० फुटांची होती. तिची कुळकथा गमतीची आहे. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी इंग्रज वकिलातीने जी शास्त्रीय उपकरणे नेली होती, त्यांत ती होती. बादशहाला असल्या वस्तूंचे अप्रूप नव्हते. नाकारलेली साखळी फिरत फिरत कलकत्त्याला आली आणि तेथून लॅम्बटनच्या हाती पडली.

साखळी जमिनीवर टाकून ओढत नेली, असा प्रकार नव्हता. तिवयांवर लाकडी पेट्या ठेवायच्या, त्या एका पातळीत आणायच्या, त्यांत साखळी ताणून बसवायची, वर सावली धरायची आणि शेजारी उष्णतामापक ठेवायचा. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. तेवढा फरक हिशेबात वजा-जमा करायचा. असे सुमारे चारशे वेळा केले, तेव्हा ती रेषा पुरी झाली. मद्रासच्या वैशाखवणव्यात हे काम ५७ दिवस चालले.

१८०४ मध्ये त्रिकोणांची साखळी बंगळूरला पोहोचली. तेथे पडताळ्यासाठी दुसरी रेषा जमिनीवर मोजली. मद्रासहून गणिताने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सात मैलांमागे चार इंचांहून कमी फरक निघाला. पुढे मोजणी मंगळूरच्या किनाऱ्याला भिडली, तेव्हा लक्षात आले की, दोन्ही किनाऱ्यांमधले अंतर तोवरच्या नकाशांत जवळजवळ ४० मैल जास्त दाखवलेले होते. समुद्राने काहीच गिळले नव्हते; कागदावरची चूक तेवढी दुरुस्त झाली.

तंजावरचा अपघात

कोन मोजण्यासाठी लॅम्बटनने इंग्लंडहून मोठा थिओडोलाइट मागवला होता. अर्ध्या टनाच्या आसपास वजन, तीन फूट व्यासाचे काटेकोर अंशांकित वर्तुळ. येताना त्याचे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला नेले. पेटी उघडून पाहिल्यावर हे विज्ञानाचे साधन आहे हे फ्रेंच गव्हर्नरच्या ध्यानात आले आणि त्याने ते आदराने मद्रासला रवाना केले. दोन देश एकमेकांच्या उरावर बसलेले असतानाची ही गोष्ट आहे.

कावेरीच्या सपाट मुलखात डोंगर नाहीत. नारळी-ताडांच्या वर डोके काढतात ती देवळे. म्हणून लॅम्बटन गोपुरांवर आणि शिखरांवर यंत्र चढवू लागला. १८०८ मध्ये तो तंजावरला आला. तेथे तेव्हा दुसरे सरफोजीराजे भोसले गादीवर होते आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरला जाऊन पाचच वर्षे झाली होती. त्याच देवळाच्या शिखरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. वर्तुळ वाकले. ज्या वर्तुळावर अंशाचे बारीक भाग वाचायचे, तेच वेडेवाकडे झाले!

दुसरा कुणी असता तर इंग्लंडला पत्र पाठवून वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतले. मोजक्या कारागिरांशिवाय कुणाला आत प्रवेश नाही. लाकडी फळीवर त्याने मूळ वर्तुळाच्या मापाचे वर्तुळ आखले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेले वर्तुळ केसाकेसाने ताणत पूर्ववत केले. सहा आठवडे लागले. तेच यंत्र पुढे अनेक वर्षे कामात राहिले.

खलाशी, ताप आणि दुर्बीण

या मोहिमेचे श्रेय एकट्या साहेबाचे नाही. निशाण घेऊन डोंगरमाथ्यावर दिवसचे दिवस उभे राहणारे खलाशी, रान तोडणारे मजूर, आकडेमोड करणारे मद्रासच्या सर्व्हे शाळेतील तरुण, या सर्वांच्या कष्टावर ते काम उभे होते. यंत्रे डोंगरावर नेली ती माणसांच्या खांद्यांनी. कृष्णा-गोदावरीमधल्या रानात १८१९ च्या पावसाळ्यात काम करणाऱ्या तुकडीला तापाने असे गाठले की, जवळजवळ सारे आजारी पडले आणि अनेक जण दगावले. नकाशावरच्या सरळ रेषांमागे अशा कितीतरी नाव नसलेल्या माणसांचे प्राण आहेत.

गावोगावचे लोक या मंडळींकडे संशयाने बघत, त्यात नवल नाही. डोंगरावर चढून दुर्बिणीतून खाली बघणारा साहेब काय बघतो? त्या दुर्बिणीतून माणसे उलटी दिसतात, ही बातमी पसरल्यावर तर बायामाणसांच्या अब्रूची काळजी वाटू लागली. दुसरा संशय धनाचा. साहेब गेला, पण मागे दगड पुरून गेला. त्याखाली काहीतरी ठेवले असणार! म्हणून काही खुणा उकरल्या गेल्या. वास्तविक त्या खुणेत धन नव्हते. खडकावर कोरलेला एक ठिपका आणि त्याभोवती वर्तुळ, एवढेच असे. त्या ठिपक्याच्या बरोबर वर ओळंबा सोडून यंत्र लावायचे. ठिपका गेला, की तेथून केलेले सारे कोन पोरके.

१८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, हे काम मद्रास सरकारकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि त्याला ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे असे भारदस्त नाव मिळाले. त्याच सुमारास अठ्ठावीस वर्षांचा जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आला. एव्हरेस्ट तापट, लॅम्बटन शांत आणि अबोल. एरवी वाकलेला, थकलेला वाटणारा हा म्हातारा यंत्र उभारायची वेळ आली की अंगावरची शाल झटकावी तसा वय झटकून टाकी, अशी आठवण एव्हरेस्टने नोंदवली आहे. कन्याकुमारीपासून बिदरपर्यंत जवळजवळ दहा अंशांचा कंस तोवर मोजून झाला होता. या कामाची दखल आधी घेतली फ्रेंच विज्ञान अकादमीने. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सन्मान त्यानंतर आला.

पुढचे ठाणे नागपूरला हलवायचे ठरले. खोकल्याने पोखरलेला लॅम्बटन काफिल्याबरोबर निघाला. एव्हरेस्ट तेव्हा बिदरहून मुंबईच्या रोखाने त्रिकोण नेत होता. नागपूर सुमारे ७५ किलोमीटर उरले असताना हिंगणघाटच्या मुक्कामी लॅम्बटनचा प्रवास संपला. दोन दशके तो या देशाची लांबी मोजत होता. मायदेशी तो कधी परतलाच नाही.

एव्हरेस्टने १८४१ मध्ये तो कंस हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन पोहोचवला. कन्याकुमारीपासून तेथवर सुमारे २४०० किलोमीटर. त्याच त्रिकोणांच्या आधारे हिमशिखरांच्या उंची काढल्या गेल्या, त्या आकडेमोडीत राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता आणि १८५६ मध्ये सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव देण्यात आले. पाया हिंगणघाटात राहिला, कळस नेपाळच्या सीमेवर गेला.

खुणेचा छंद

लॅम्बटनच्या खुणा या जागेच्या खुणा होत्या. पुढे उंचीच्याही खुणा आल्या. त्यांना बेंचमार्क म्हणतात. समुद्रसपाटीपासून ही जागा इतकी उंच, असे सांगणारा तो दगड. नागपुरातील झिरो माइलचा खांब अनेकांना ठाऊक असतो. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोक त्याच्यापुढे छायाचित्रे काढून घेतात. तेथील १९०७ सालच्या दगडाची मूळ ओळख मात्र बेंचमार्क हीच. तेथली उंची नोंदली आहे ती १०२०.१७१ फूट. मुंबईत महापालिकेचे अभियंते गटारांचे आणि रस्त्यांचे उतार ज्या पातळीच्या हिशेबाने मोजत आले, तिचे नाव टाउन हॉलवरून पडलेले आहे.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, अशा खुणा शोधण्याचा छंदच निर्माण झाला आहे. तेथील खूण म्हणजे खडकात किंवा काँक्रीटमध्ये बसवलेली, तळहाताएवढी पितळेची अथवा काशाची चकती. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या जीपीएस संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्रही काही मीटरांपर्यंत जागा सांगू लागले. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एकाने रानात एक डबा लपवला, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि जिओकॅशिंग हा खेळ जन्माला आला. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची. डब्यांबरोबर हे लोक जुन्या मोजणीच्या चकत्याही शोधू लागले. मुलाबाळांना घेऊन डोंगर चढायचा, गवत बाजूला सारायचे आणि शंभर वर्षांपूर्वी कुणी ठोकलेली चकती दिसली की छायाचित्र काढून परतायचे.

यातूनच एक नवा शौक निघाला. मोजणीच्या चकतीसारखीच चकती कारखान्यातून मुद्दाम घडवून घ्यायची. तिच्यावर आपले नाव, आपले बोधचिन्ह, घराच्या अंगणाचे अक्षांश-रेखांश कोरायचे. कुणी ती अंगणातल्या काँक्रीटमध्ये बसवतो, कुणी मित्रांशी अदलाबदल करून संग्रह वाढवतो. आपल्याकडे नाणी, टपाल तिकिटे जमवतात, तसेच हे.

या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. उलट, जमवायचे असेल तर असे घडवून घेतलेलेच जमवावे. कारण संग्राहकाला मोह सुटतो तो खऱ्या, जुन्या, जागेवरच्या चकतीचा. अमेरिकेतील कितीतरी जुन्या चकत्यांवर ती हलवणाऱ्यास २५० डॉलर दंड किंवा तुरुंगवास, अशी तंबीच कोरलेली असते. तंबी नुसत्या पितळेच्या किमतीसाठी नाही. टपाल तिकीट पाकिटावरून काढले तरी तिकीटच राहते. नाणे कोणत्याही खिशात नाणेच असते. बेंचमार्क मात्र जागेवरून उचलला, की त्याच क्षणी तो बेंचमार्क राहत नाही. हातात उरतो धातूचा तुकडा. त्याची खरी किंमत मागे, रिकाम्या खड्ड्यात राहते. धनाच्या आशेने लॅम्बटनचे दगड उकरणाऱ्यांच्या हाती जे लागले, तेच दिवाणखान्यासाठी चकती उपटणाऱ्याच्या हाती लागते.

आपल्याला हे कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. शेताचा बांध रात्रीतून कोरला, हद्दीचा दगड दोन हात सरकवला, की भावाभावांत पिढ्यान् पिढ्या दावे चालतात, हे आपल्या गावांनी पाहिलेले आहे. दगड साधाच असतो, पण तो कुठे आहे यावर घरादाराचे भवितव्य ठरते.

उपग्रहांमुळे आता डोंगरावर निशाण घेऊन उभे राहावे लागत नाही. तरी जुन्या खुणा निरुपयोगी झालेल्या नाहीत. पूर्वीची मोजमापे आणि आजची मोजमापे जोडून पाहायची, जमीन खचली का, सरकली का हे ताडायचे, तर जुना दगड मूळ जागी सापडावा लागतो. रस्ता रुंद करताना, पुलाची डागडुजी करताना, आवार रंगवताना असे दगड उखडले जातात किंवा चुन्याखाली जातात. ते कुणी वाईट हेतूने करत नाही. तो दगड काय आहे हे माहीत नसते, एवढेच.

लॅम्बटनच्या वाट्यालाही तेच आले. हजारो जागा नेमकेपणाने दाखवून देणाऱ्या या माणसाची स्वतःची जागा लोकांच्या स्मरणातून पुसली गेली आणि कबर वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जॉन के यांच्या ग्रंथामुळे आणि १० एप्रिल २००२ रोजी त्या पहिल्या मोजणीला दोनशे वर्षे झाल्यामुळे त्याचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले. तो परकीय सत्तेचा नोकर होता आणि त्याच्या नकाशांचा उपयोग सत्तेने फौजा हलवायला आणि सारा वसूल करायलाही केला, हे नाकारता येत नाही. पण एका डोळ्याने, वाकलेले वर्तुळ सरळ करत, या भूमीचे माप चार इंचांच्या आत आणणारी त्याची निष्ठा आपल्या देशाच्या उपयोगी पडली, हेही तितकेच खरे.

सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. रेल्वे स्थानक, जुनी कचेरी, पूल, टेकडीचा माथा अशा ठिकाणी जीटीएस ही अक्षरे किंवा बाणाची खूण कोरलेला एखादा दगड कधी दृष्टीस पडला, तर मुलांना तो जरूर दाखवावा, त्याची गोष्ट सांगावी, हवे तर छायाचित्र घ्यावे आणि दगड आहे तेथेच राहू द्यावा. हिंगणघाटवरून जाणाऱ्यांनी घटकाभर थांबून त्या म्हाताऱ्या मोजणीदाराची विचारपूस केली, तर त्याचेही ऋण थोडे फिटेल.